रानसावा आणि काळी जमीन

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात साहित्य, इतिहास, राजकारण आणि अध्यात्म ह्यांची वर्दळ नेहमीची आहे. त्या थोरामोठ्यांच्या पंगतीत एका गवताने येऊन बसावे, हे प्रथमदर्शनी थोडे विपरीत वाटेल. 'गवत ते गवत, त्यावर तासभर बोलावयाचे काय?' असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यात त्याचा दोष नाही. शहरात राहणाऱ्या आपणां सर्वांना गवत म्हणजे मैदानावरील हिरवळ, नाही तर दूधवाल्याच्या गोठ्यातील भारा, येवढीच काय ती ओळख. पण ज्या वऱ्हाडात आपण राहतो, तेथील शेतकऱ्याच्या जमाखर्चाची वही उघडून पाहिली, तर बी, खत आणि फवारणी ह्यांच्या शेजारी एक रकमेची ओळ दरसाल हमखास आढळते. ती ओळ निंदणाची. आणि निंदण म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ह्याच गवताशी चाललेला वार्षिक तंटा होय. त्या तंट्यातील एका प्रमुख पक्षकाराची आज आम्ही ओळख करून देणार आहोत.

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे गाव आहे, हे आपणांस सांगावयास नकोच. विदर्भाची जुनी राजधानी, भीष्मक राजाचे नगर, रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आहे. येथून पंढरीला पालखी जाते आणि कार्तिकात यात्रा भरते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉ. मोरेश्वर दीक्षित ह्यांनी येथील पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळच्या आणि त्याही आधीच्या वस्तीचे अवशेष हाती लागले. म्हणजे ह्या काठावर माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे राहत आला आहे. आणि जेथे माणूस राहतो, नांगरतो, पेरतो, तेथे त्याच्या पाठोपाठ काही झाडेझुडपेही न बोलावता येऊन राहतात. देवळातून दर्शन घेऊन बाहेर पडले आणि नदीच्या अंगाने वावरांकडे चालू लागले, म्हणजे आषाढ-श्रावणात हा आगंतुक आपल्या पायांशीच उभा असतो. त्याचे नाव सावा. माणसाने जोपासलेला सावा निराळा, म्हणून ह्याला आपण रानसावा म्हणू. गावोगावी ह्याला आणखीही नावे आहेत, ती सारी देत बसण्याचे कारण नाही.

ओळख कशी पटवावी

शास्त्रज्ञांनी ह्या गवताला 'एकिनोक्लोआ कोलोना' असे नाव दिले आहे. १७५९ साली लिनियसने त्याची नोंद प्रथम केली आणि १८३३ साली लिंक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला आजच्या कुळात आणून बसवले. नावाचा पहिला भाग ग्रीक असून त्याचा अर्थ 'साळिंदरासारखे काटेरी गवत' असा होतो. पण ह्या जातीच्या दाण्याला कुसळ नसते, त्यामुळे ते नाव त्याच्या भावंडांनाच अधिक शोभते. दुसरा भाग लॅटिन आहे आणि त्याचा संबंध जमीन कसणाऱ्याशी, म्हणजे शेतकऱ्याशी पोहोचतो. शेतकऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे गवत! नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो, योग मात्र चांगला जुळला आहे.

हे एकवर्षायू गवत आहे. म्हणजे हरळीसारखे किंवा कुंद्यासारखे ते जमिनीत मुळ्या-कांड्या राखून वर्षानुवर्षे तग धरीत नाही. पावसाबरोबर उगवते, बी टाकते आणि मरते. उंची वीतभरापासून फार तर दोन-अडीच फूट. बुडाशी ते किंचित आडवे पसरते, तेथे तांबूस-जांभळी झाक असते, आणि कित्येकदा पानांवरही जांभळे आडवे पट्टे दिसतात. तुऱ्यावर दीड-दोन पेरांयेवढ्या आखूड कणसुल्या एकीवर एक, थोडे अंतर राखून, दांड्याला चिकटल्यासारख्या बसलेल्या असतात. प्रत्येक कणसुलीत बारीक दाणे ओळींनी दाटलेले असतात.

पण तुरा येण्यापूर्वीच ओळखावयाचे असेल, तर एक सोपी खूण आहे. गवताचे पान हळूच मागे वाकवावे आणि पान जेथे दांड्याला वेढणाऱ्या म्यानाला मिळते, तो सांधा पाहावा. बहुतेक गवतांत तेथे पातळ पापुद्रा किंवा केसांची बारीक झालर असते. रानसाव्यात तेथे काहीही नसते. सांधा गुळगुळीत आणि कोरा असतो. एरवी ज्याच्यापाशी काही नाही त्याला आपण ओळखत नाही, पण येथे नसणे हीच ओळख आहे. भाताच्या बांधीत कोवळा भात आणि कोवळे गवत ह्यांत फरक करताना शेतकऱ्याला ही खूण फार उपयोगी पडते, कारण भाताला तेथे लांबट पापुद्रा असतो.

वैशाखातील झोप

आपण ही व्याख्याने ऐकतो ते दिवस चैत्र-वैशाखाचे. अंगणात पाय ठेववत नाही अशा ह्या उन्हात रानसावा असतो कोठे? तो शेतात कोठेही दिसत नाही. पण तो गेलेला नसतो. मागच्या पावसाळ्यात गळालेले त्याचे बी, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, काळ्या मातीच्या वरच्या थरात पडून असते.

हे ताजे बी ओल मिळाली तरी लगेच सगळे उगवत नाही. त्याला काही काळ झोप असते. आश्विनात बी पडले आणि कार्तिकातल्या एखाद्या अवकाळी सरीने ते सारे उगवले, तर पुढे थंडी आणि कोरडे दिवस ह्यांत त्याचा निकाल लागेल. म्हणून निसर्गाने त्याच्यावर कुलूप घातले आहे. कोरड्या उन्हाळ्यातील ताप आणि काही महिन्यांचा काळ गेला, म्हणजे ते कुलूप हळूहळू उघडते. ज्या वैशाखवणव्याला आपण शिव्या देतो, तोच ह्या बियाला तयार करीत असतो. त्यातही सर्व बियांची कुलपे एकाच वेळी उघडत नाहीत. काही मृगात उघडतात, काही आर्द्रात, काही पुढच्या वर्षी. एका पावसाने दगा दिला तर सारा वंश बुडू नये, अशी ही तजवीज आहे. आपल्या घरच्या गव्हाला किंवा ज्वारीला ही सोय उरलेली नाही, कारण पेरले की सर्व एकदम उगवले पाहिजे म्हणून माणसाने हजारो वर्षे निवड करून त्यांची झोपच मोडून टाकली आहे.

ह्या बियाला आणखी दोन गोष्टी लागतात, ओल आणि उजेड. उबदार हवा आणि ओली माती असूनही बी खोल गाडले गेले असेल, तर ते बहुधा वर येत नाही. मातीच्या पृष्ठभागावर किंवा पेरभर खोलीवर असलेले बी उत्तम उगवते. जसजशी खोली वाढते तसतशी उगवण घटते, आणि तीन-चार बोटे खोल गेलेल्या बियाचा कोंब जवळजवळ कधीच वर पोहोचत नाही. दाणा इतका लहान, त्यातील शिदोरी इतकी तुटपुंजी, की लांबचा प्रवास त्याला झेपतच नाही. ही लहानशी गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे उपायांचा विचार करताना ती फार कामाची आहे.

काळी जमीन आणि वाफसा

आता जमिनीकडे वळू. वऱ्हाडची काळी माती म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेल्या खडकाची झीज. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, हातभर खोल चिरा पडतात. वाऱ्याने आणि वळवाच्या पहिल्या सरीने पृष्ठभागावरची माती ह्या भेगांत ओघळते, पाऊस लागला की भेगा मिटतात, आणि खालची माती थोडीथोडी वर ढकलली जाते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात, ते ह्यामुळेच. परिणाम असा, की तणाचे बी काही खोल जाते, काही वर येते, आणि जमिनीच्या पोटात एक प्रकारची पतपेढी तयार होते. आपण वरचे तण उपटले, तरी मुद्दल शिल्लकच असते.

मृगाचा पाऊस झाला की चार-सहा दिवसांत वावरावर हिरवी लव येते. ह्यापुढे सर्व खेळ एका शब्दाभोवती फिरतो. तो शब्द आहे 'वाफसा'. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, अवजार चालेल अशी स्थिती, म्हणजे वाफसा. हलक्या मुरमाड जमिनीत पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वाफसा येतो. काळ्या जमिनीत मात्र झड लागली की आठ-आठ, दहा-दहा दिवस वाफसा येत नाही. बैल चिखलात रुततात, डवरा चालत नाही, माणसाचा पाय उचलत नाही. ह्या दिवसांत सोयाबीनची आणि कपाशीची मुळे पाण्यात गुदमरतात, पाने पिवळी पडतात. रानसाव्याला मात्र हे दिवस म्हणजे सुगी. ओलसर, दलदलीची जमीन त्याला मानवते. बुडाशी टेकलेल्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात आणि एका रोपाचे झुबके होतात. खोल उभ्या पाण्याखाली बी उगवण्यास त्रास होतो, म्हणूनच भातशेतीत बांधीत पाणी धरण्याची चाल आहे. पण आपल्या जिरायती वावरात पाणी उभे राहत नाही, नुसती ओल टिकते, आणि तीच त्याला हवी असते.

अशाच एका झडीनंतर आम्ही कौंडण्यपूरच्या शिवारात उभे होतो. सोयाबीनच्या तासांत चार बाया पाठ वाकवून निंदण करीत होत्या. त्यांतील वयाने मोठ्या आजी उपटलेले गवत तेथेच न टाकता ओटीत धरून धुऱ्यावर नेऊन टाकीत होत्या. आम्ही विचारले, "आजी, तासातच टाकले तर नाही का चालत?" त्या म्हणाल्या, "नाही बाप्पा. ओल्या मातीत पडलं तं पुन्हा धरते. याचा जीव मोठा चिवट हाय. आन् झड लागली की मंग वावर आपलं राहत नाही, याचं होऊन जाते." कांड्यांना मुळ्या फुटण्याचे जे वर्णन आम्ही नुकतेच केले, ते आजींनी दोन वाक्यांत सांगून टाकले होते. फरक येवढाच, की आम्ही ते पुस्तकात वाचले होते आणि त्यांनी ते कमरेच्या कळांनी शिकले होते.

उन्हाचा हिशेब

पण ओल तर पिकालाही मिळते. मग हे गवत पिकाला मागे कसे टाकते? ह्याचे उत्तर पानाच्या आतल्या कारखान्यात आहे.

सर्व हिरव्या वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर बनवतात. हे काम करणारे जे मुख्य विकर आहे, त्यात एक खोड आहे. हवा फार तापली की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूलाच धरून बसते, आणि केलेल्या कामाचा काही भाग वाया जातो. सोयाबीन, कपाशी, तूर, गहू, भात ह्या सर्वांना हे नुकसान सोसावे लागते. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक ह्या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास करून दाखवले, की काही वनस्पतींनी ह्यावर एक युक्ती काढली आहे. त्या कार्बन डायऑक्साइड प्रथम चार कार्बन अणूंच्या एका आम्लात बांधून घेतात, पानाच्या आतल्या पेशींत नेतात, आणि तेथे तो दाट करून त्या विकराला देतात. मग चूक होण्यास वावच राहत नाही. ऊस, मका, ज्वारी ह्या वनस्पती ह्याच पंथाच्या. आणि रानसावाही त्यांतलाच.

ह्या युक्तीचे दोन फायदे. एक, प्रखर उन्हात आणि उष्म्यात वाढ जोमाने होते. दुसरा, पानावरील सूक्ष्म छिद्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणून तितक्याच वाढीला पाणी बरेच कमी लागते. पाऊस उघडून चार दिवस कडक ऊन पडले, की सोयाबीन थबकते आणि रानसावा सरसावतो. झडीत त्याचे फावते ते मुळ्यांमुळे आणि उघडिपीत फावते ते पानांमुळे.

१९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या जगातील उपद्रवी तणांची यादी केली, तेव्हा लव्हाळ्याला पहिले आणि हरळीला दुसरे स्थान मिळाले, आणि आपला रानसावा पहिल्या पाचांत आला. ही पाचही तणे ह्याच युक्तीची आहेत, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

त्यातच त्याची घाई पाहावी. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात रानसावा फुलून बी टाकू लागतो. एका भरलेल्या झुबक्यापासून हजारो दाणे पडतात, आणि पिकतील तसतसे ते झडतात. पीक कापणीला येईपर्यंत त्याचे बहुतेक बी जमिनीवर जाऊन पोहोचलेले असते. एका पावसाळ्यात त्याच्या दोन पिढ्यासुद्धा उरकतात.

सोयाबीनच्या पिकाला पहिले पाच-सहा आठवडे तणापासून जपले, तर पुढे त्याची पाने तासांवर छत धरतात आणि सावलीत रानसाव्याला उजेड मिळत नाही. पण हेच पाच-सहा आठवडे हातचे गेले, तर पिकाचा तिसरा हिस्सा, कधी निम्म्याहूनही अधिक, गमवावा लागतो. म्हणजे साऱ्या वर्षाचा संसार मृगापासून पुष्यापर्यंतच्या चार नक्षत्रांत ठरतो, आणि त्या चार नक्षत्रांत वाफशाचे दिवस किती मिळतील, हे कोणाच्याच हाती नसते.

शत्रू की आप्त?

येथवर ऐकून रानसावा हा निव्वळ वैरी आहे असे आपले मत झाले असेल. पण त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही अन्याय केला असे होईल.

एकादशीला किंवा महाशिवरात्रीला आपल्या ताटात भगर असते. भगर ह्या एका नावाखाली बाजारात दोन-तीन निराळ्या जातींची बारीक धान्ये विकली जातात. त्यांतले एक धान्य असे आहे, की ते ह्याच रानसाव्यापासून भारतात माणसाने निवडीने घडवले. शास्त्रीय भाषेत त्याला 'एकिनोक्लोआ फ्रुमेंटेसिया' म्हणतात, आणि उत्तर भारतात ते सांवा म्हणून प्रसिद्ध आहे. रानसावा आणि हे धान्य ह्यांचा संकर सहज होतो आणि त्याची संततीही वांझ निघत नाही. नाते इतके जवळचे आहे. फरक मुख्यतः एका गोष्टीचा. रानसाव्याचा दाणा पिकताच झडतो, धान्यसाव्याचा दाणा कणसाला धरून राहतो. झडणारे दाणे मातीत गेले आणि न झडणारे मुठीत आले. वर्षानुवर्षे मुठीत आलेलेच पुन्हा पेरले गेले, आणि एका तणातून धान्य निपजले. कोणा एका पंडिताने हे केले नाही. कापणी करणाऱ्या असंख्य हातांनी, बहुधा बायकांच्या हातांनी, नकळत हे घडले.

संस्कृतात ह्या धान्याला श्यामाक म्हणतात. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत जी धान्यांची प्रसिद्ध यादी आहे, तीत व्रीही, यव, तीळ, मूग ह्यांच्या पंक्तीला श्यामाकही बसला आहे. कालिदासाने शाकुंतलाच्या चौथ्या अंकात, शकुंतलेने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढवलेले हरिणाचे पाडस तिची वाट अडवते, असा प्रसंग रंगवला आहे. आश्रमात नांगर नव्हता, म्हणून आपोआप येणारे धान्य हेच तेथले अन्न. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खाऊ नये असा दंडक आहे. उपासाला गहू-ज्वारी वर्ज्य आणि भगर चालते, ह्याच्या मुळाशीही न नांगरता मिळणाऱ्या अन्नाची हीच जुनी आठवण असावी, असे आम्हांस वाटते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा सांव्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले. पण ज्या गवतातून तो आला, ते गवत आजही आपण पायदळी तुडवतो, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

शिवाय कोवळा रानसावा हा उत्तम चारा आहे. निंदणाहून परतणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा भारा म्हणजे तिच्या गोठ्यातील शेळीची किंवा म्हशीची रात्रीची सोय. येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. भरपूर युरिया पडलेल्या वावरातील हे गवत, विशेषतः पावसाने ताण दिला असता, नायट्रेट साठवून ठेवते, आणि ते जनावराला बाधू शकते. तणनाशक मारलेल्या वावरातील गवत तर जनावरापुढे टाकूच नये.

उपाय आणि त्यांची किंमत

आता मुख्य प्रश्न. करावयाचे काय?

जुना शेतकरी पहिल्या पावसाबरोबर पेरणीला धावत नसे. पाऊस पडला, तण उगवले, वाफसा आला, की तो वखराची एक उथळ पाळी देई, आणि मगच तिफण धरी. ह्यात शहाणपण कोणते होते, हे आता आपल्या ध्यानात येईल. वरच्या पेरभर थरातील बी उगवून आले होते, ते एका पाळीत मारले गेले. वखर उथळ चालल्यामुळे खालचे झोपलेले बी उजेडात आले नाही. आजही सोयाबीनची पेरणी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असा सल्ला दिला जातो. तो दुबार पेरणी टळावी म्हणून आहे, पण तणाच्या पहिल्या लाटेचा बंदोबस्त करण्याचीही संधी त्यात आहे. उन्हाळ्यातील खोल नांगरटीने बी खोल गाडले जाते हे खरे, परंतु ती दरवर्षी केली तर गाडलेले पुन्हा वर येते. म्हणून ती काही वर्षांनी एकदा करावी हे बरे.

दुसरी गोष्ट शेणखताची. जनावराने खाल्लेल्या गवताचे बी पुष्कळदा पचनातून जिवंत सुटते, आणि अर्धवट कुजलेल्या खताबरोबर आपण ते स्वहस्ते वावरात पेरतो. ढीग नीट रचून, ओल राखून कुजवला, तर आतील उष्णतेने ते मरते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ह्यांनी घालून दिलेली 'नाडेप' खताची पद्धत ह्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगी आहे. तिसरी गोष्ट धुऱ्याची. वावर स्वच्छ आणि धुरा गवताने भरलेला, असे ठेवले तर पुढील वर्षाचे बी तेथून येते. आणि चौथी, पेरावयाचे बियाणे चाळून घेणे.

ह्या सर्व उपायांना वेळ, बैल आणि माणसे लागतात, आणि नेमक्या ह्याच तीन गोष्टी वऱ्हाडात कमी होत आहेत. गावोगाव बैलजोड्या घटल्या. निंदणाला एकाच आठवड्यात सर्वांना बाया हव्या असतात, म्हणून त्या मिळत नाहीत किंवा त्यांची मजुरी झेपत नाही. ती मजुरी फार आहे असे म्हणण्याचे धाडस, दिवसभर चिखलात वाकून ज्याने पाहिले नाही, त्याने तरी करू नये. अशा पेचात सापडलेला कोरडवाहू शेतकरी तणनाशकाकडे वळला, तर त्यास नावे ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

तरीही तणनाशकाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सोयाबीनमध्ये वापरली जाणारी काही औषधे वनस्पतीच्या एका विशिष्ट विकराला खीळ घालतात, त्यामुळे तिला लागणारी काही अत्यावश्यक द्रव्ये बनत नाहीत आणि ती मरते. पण लाखो रोपांत एखाद्याच्या त्या विकराची घडण जन्मतःच जराशी निराळी असते. त्याला औषध लागू पडत नाही. भोवतालचे सारे मेले, की मोकळ्या रानात ते एकटे फोफावते, हजारो दाणे टाकते. रानसावा बहुतांशी स्वपरागणाने फळतो, म्हणून तो गुण पुढील पिढीत जसाच्या तसा उतरतो. तेच औषध पुन्हा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मारले, की काही वर्षांत वावरात औषधाला न जुमानणाऱ्यांचेच राज्य होते. हे कल्पनेचे खेळ नव्हेत. मध्य अमेरिकेतील भातशेतीत रानसावा प्रोपॅनिल ह्या औषधाला पुरून उरला, आणि ऑस्ट्रेलियात २००७ साली ग्लायफोसेटला न जुमानणारा रानसावा आढळला.

आपल्या वऱ्हाडात ह्या प्रश्नाने रस्त्यावरचे रूपही घेतले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, तणनाशक सहन करणाऱ्या पण सरकारची मंजुरी नसलेल्या कपाशीची उघडपणे लागवड केली. निंदणाचा खर्च परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पर्यावरणाचा आणि मजूर बायांच्या रोजगाराचा प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला गेला. २०२२ साली केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण रानसाव्याचे चरित्र जो जाणतो, त्याला येवढे नक्की कळते, की कोणतेही एकच हत्यार वर्षानुवर्षे चालवले, तर हे गवत त्याला तोंड द्यावयास शिकते. डवरा, निंदण, पिकांची फेरपालट, उथळ वखरणी आणि गरजेपुरते, आलटून पालटून वापरलेले औषध, ह्यांची सांगड हाच खरा मार्ग होय. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जबलपूरचे तण संशोधन संचालनालय अशा संस्था ह्याच विषयावर काम करतात. त्यांचे ज्ञान वेळेवर वावरात पोहोचणे, आणि बैलाशिवाय चालणारी हलकी, स्वस्त डवरणीची अवजारे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात येणे, ही निकड आहे.

शहरातील आपण ह्यात काय करणार, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्यापैकी पुष्कळांची शेती गावी बटाईने किंवा मक्त्याने दिलेली आहे. त्यांनी मक्ता ठरवताना, पहिल्या महिन्यातील निंदणाचा भार कोणी उचलावयाचा हा प्रश्न कसणाऱ्याशी बसून आधी बोलावा. एका वर्षाच्या मक्त्याने जमीन घेणारा पुढील वर्षांच्या बियांची काळजी का म्हणून करील? जमिनीत साठणारे तणाचे मुद्दल हे शेवटी मालकाच्याच नावावर चढत असते. चार-पाच वर्षांचा करार झाला, तर धुरा साफ ठेवण्यात कसणाऱ्याचेही हित राहते.

आणखी काही आठवड्यांनी मृग लागेल. तोवर रानसाव्याचे बी आपली झोप पुरी करीत मातीत पडून राहील. कौंडण्यपूरहून पालखी पंढरीकडे निघेल, मागे गावात पेरण्या होतील, आणि झड लागली की आजी आपल्या सोबतिणींसह पुन्हा तासांत उतरतील. आपण त्या वाटेने दर्शनास गेलात, तर क्षणभर थांबून त्यांच्या हातातील गवताच्या एका काडीचे पान मागे वाकवून पाहा. सांधा कोरा दिसला, तर आज ज्याच्याविषयी बोललो तो हाच, असे समजा. आणि त्या दिवशी एकादशी असेल, तर घरी परतल्यावर ताटात त्याचेच भाईबंद वाढलेले असण्याचा संभव आहे.